डबल सीटर संस्थान

हुशार मुलांना एका छपराखाली ठेवलं की ती एकमेकांचं बघून आणखी हुशार होतात, ही कल्पना ज्याला सुचली त्याने जन्मात कधी कोणाबरोबर खोली वाटून घेतलेली नसणार. अशी मुलं अभ्यास वाटून घेतील असं लांबून बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात ती पंख्याचा रेग्युलेटरसुद्धा वाटून घेत नाहीत. घरात, गल्लीत आणि शाळेत एकुलता एक पहिला नंबर म्हणून वाढलेल्या मुलाला समोरच्या खाटेवर तसाच दुसरा पहिला नंबर बसलेला दिसतो, तेव्हा त्याच्या मनात ज्ञानाची ओढ वगैरे काही निर्माण होत नाही. खिडकीची बाजू कोणाची, एवढाच प्रश्न निर्माण होतो.

अमेरिकेतल्या मोठ्या सरकारी विद्यापीठांत अशा मुलांसाठी ‘ऑनर्स डॉर्म’ नावाचा प्रकार असतो. माझी भाची सध्या तसल्याच एका ठिकाणी आहे, ॲरिझोना स्टेट विद्यापीठात. तिथल्या बॅरेट ऑनर्स कॉलेजने २००९ साली टेंपी गावात गुणवंतांसाठी अख्खा वेगळा परिसरच बांधला. राहायचं तिथे, शिकायचं तिथे, जेवायचं तिथे. ताईने ही बातमी देवासला गल्लीत अशा थाटात सांगितली की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगी खोलीबाहेर पडली की तोफांची सलामी होते.

तोफांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. आमच्या माळव्यात मुलांना गुणांवरून खोल्या मिळायच्या आधी तोफांवरून मिळत. इंदूरचं डेली कॉलेज निघालं ते मध्य भारतातल्या संस्थानिकांच्या मुलांसाठी. तिथे प्रवेशाला टक्केवारी लागत नसे, वडील लागत. वडिलांना इंग्रज सरकार किती तोफांची सलामी देतं, ही गुणपत्रिका. आता गंमत बघा. धारच्या महाराजांना पंधरा तोफा. देवासच्या थोरल्या पातीला पंधरा. देवासच्या धाकट्या पातीलाही पंधराच. तिघंही बरोबरीने, कोणी कोणाच्या वर नाही. गुणवत्ता यादी अशी अडली की काय होतं, ते बोर्डाच्या निकालानंतर कुठल्याही मराठी आईला विचारावं.

देवासची ही थोरली-धाकटी पाती बाहेरच्यांना पटकन समजत नाही. बाजीरावाच्या फौजेबरोबर माळव्यात आलेल्या तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंना १७२८ च्या सुमारास देवास मिळालं, ते दोघांत मिळून. त्यांच्याच भाऊबंदांना धार मिळालं, ते मात्र एकहाती. म्हणजे धार ही सिंगल रूम आणि देवास डबल सीटर. सगळा पुढचा इतिहास या एका वाक्यात आहे, उगाच जाड पुस्तकं वाचू नका. दोघं भाऊ होते तोवर ठीक चाललं. पुढच्या पिढ्यांत ‘तुझं-माझं’ सुरू झालं, आणि ते इतकं वाढलं की एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार. रस्त्याच्या अलीकडची घरं थोरल्यांची, पलीकडची धाकट्यांची. जुनी माणसं अजून हसत हसत सांगतात की देवासच्या चोराला पळून परमुलखात जायचं तर फक्त रस्ता ओलांडावा लागे.

इंग्रज आले आणि त्यांनी पाहिलं, इथे वॉर्डनची गरज आहे. १८१८ च्या तहात त्यांनी दोन्ही राजांकडून कबूल करून घेतलं की तुम्ही दोघं असलात तरी कारभार एकाच दिवाणामार्फत करायचा. ही युक्ती होस्टेलात राहिलेल्या माणसालाच सुचते. खाटा दोन, पण वॉर्डनशी बोलणारा एक.

सिंगल रूमवाल्या धारचंही सगळं सुरळीत होतं असं नाही. १८५७ च्या उठावात धारच्या फौजेने किल्ला धरला आणि इंग्रजांनी संस्थानच जप्त केलं. सरळ रस्टिकेट. तीन वर्षांनी, १८६० मध्ये, फेरप्रवेश मिळाला, पण दंड म्हणून बैरसिया परगणा कापून घेतला आणि तो भोपाळच्या सिकंदर बेगमला बक्षीस दिला. धारची माणसं हे आजही सांगतात, आणि असं सांगतात की जणू तो परगणा परवा परवापर्यंत त्यांच्या आजोबांच्या नावावर होता.

राजांचं सोडा, आमच्या देवासात देवांनाही एकत्र राहणं जड गेलं. टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा, थोरली माता आणि धाकटी माता, या सख्ख्या बहिणी. एकदा दोघींचं भांडण झालं. थोरली रागारागाने पाताळात निघाली, धाकटी टेकडी सोडून खाली उतरायला लागली. मारुती आणि भैरव मध्ये पडले, विनवण्या केल्या, तेव्हा दोघी होत्या तिथे थांबल्या. एक अर्धी खाली गेलेली, एक उतरता उतरता. देऊळ तिथेच झालं. नवरात्रात लाखो माणसं दर्शनाला येतात, दोन्ही देवळांत जातात, एकीला सोडून दुसरीकडे गेलेलं चालत नाही. आता ज्या गावाच्या देवीसुद्धा रूममेटशी भांडून बॅग भरायला निघाल्या होत्या, त्या गावच्या पोराने होस्टेलात कसं वागावं अशी अपेक्षा आहे?

इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खाजगी सचिव म्हणून देवासला राहिला होता. त्याने या सगळ्यावर ‘द हिल ऑफ देवी’ नावाचं पुस्तक लिहिलं, ते १९५३ मध्ये आलं. तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात राहिलेला माणूस, त्याला इथला गोंधळ बघून गंमत वाटली. मला नाही वाटली. मी ते पुस्तक वाचलं तेव्हा मला आमची खोली आठवली.

त्या खोलीची हकीकत अशी. देवासहून इंदूर पस्तीसेक किलोमीटर आणि उज्जैनही तेवढंच. पण देवासचं कॉलेज उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाखाली, आणि दुप्पट लांबचं धार मात्र इंदूरच्या विद्यापीठाखाली. त्यामुळे के. पी. कॉलेजातून बी.एस्सी. झालेल्या देवासच्या पोराला एम.एस्सी.ला इंदूरला जायचं तर मायग्रेशन सर्टिफिकेट काढावं लागे. लोक पासपोर्ट काढून लंडनला जातात, आम्ही मायग्रेशन काढून इंदूरला गेलो. दाखल झालो तेव्हा ते १९६४ साली निघालेलं ‘इंदूर विद्यापीठ’ होतं. १९८८ मध्ये त्याला अहिल्यादेवींचं नाव मिळालं, त्यामुळे गुणपत्रिका एका नावाची आणि पदवी दुसऱ्या नावाची, असा आमचा कारभार. राहायची सोय एका सरकारी होस्टेलात झाली. कोणत्या, ते सांगत नाही. तिथले तेव्हाचे वॉर्डन अजून हयात आहेत आणि रोज सकाळी फिरायला जातात.

या होस्टेलाचा खालचा मजला गुणवत्ता यादीतल्या मुलांसाठी राखून ठेवलेला होता. खोल्या टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने. योजना फार विचारपूर्वक आखलेली. फक्त ज्याने कागदावर आखली त्याने जागेवर येऊन पाहिलं नव्हतं. खोली क्रमांक एक ही संडासाला लागून. त्यामुळे जो सर्वांत हुशार तो सर्वांत जास्त वासात, आणि टक्के उतरत जातील तशी हवा सुधारत जाई. शेवटच्या खोलीसमोर तर जास्वंदीचं झाड होतं. पहिल्या पावसानंतर एक नंबरचे दोघे वॉर्डनकडे अर्ज घेऊन गेले की आमचे गुण फेरतपासणीत कमी करून मिळावेत. अर्ज नामंजूर झाला. नियमात गुण वाढवायची तरतूद होती, कमी करायची नव्हती.

आम्ही तिसऱ्या खोलीत. तिथे वास यायचा, पण अभिमानाने सहन होईल इतपत.

पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी ट्रंका उघडल्या. माझ्या ट्रंकेत, लोकरी बनियनच्या खाली, पुठ्ठ्यावर चिकटवलेलं ‘नईदुनिया’चं कात्रण होतं. हायर सेकंडरीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशीचं. मी खुर्चीवर, आई पेढा भरवतेय, बाबा मागे उभे, पेढा ओठांपासून बोटभर अंतरावर थांबलेला, कारण फोटोग्राफर म्हणाला होता ‘रुकिए, अभी मत खाइए.’ मी ते कोणाला दिसू नये म्हणून झाकलं. मग बघतो तर समोरच्याच्या ट्रंकेतही तेच. तीच खुर्ची, तोच पेढा, तसेच मागे उभे वडील. बाजूच्या खोलीत मनावरच्या मुलाकडे तेच, कुक्षीच्या मुलाकडे तेच. त्याला फक्त पेढ्याऐवजी बर्फी होती. आख्ख्या मजल्यावर पंचवीस-तीस पोरं आणि सगळ्यांच्या ट्रंकेत तोंडापर्यंत आलेला एकेक पेढा. जिल्ह्याचा पहिला नंबर ही चीज किती स्वस्त आहे, हे मला त्या संध्याकाळी कळलं. जिल्हा सोडायचा तेवढा अवकाश.

होस्टेलात नावं नसतात, गावं असतात. ‘ए सोनकच्छ, साबण दे.’ ‘कुक्षी, तेरी चिट्ठी आई है.’ मी देवास आणि माझा रूममेट धार. अस्सल धार. त्याच्या बोलण्यात राजा भोज दर तासाला येई. भोजशाळा, लाट मशिदीजवळचा तो प्रचंड लोहस्तंभ, धारचा किल्ला, आणि त्या किल्ल्यात १७७५ साली जन्मलेला दुसरा बाजीराव. हे सगळं त्याने स्वतः उभं केल्यासारखं तो सांगे. मी म्हटलं, दुसऱ्या बाजीरावाने पेशवाई बुडवली, त्याचा काय अभिमान धरायचा? तो म्हणाला, ‘बुडवली पुण्यात. जन्मला धारेत.’ यावर उत्तर नसतं. माझं भाषण संपलं की तो फक्त ‘कुठे राजा भोज...’ एवढंच म्हणे आणि म्हणीचा उरलेला भाग माझ्याकडे बघून पूर्ण करी.

मी त्याला कुमार गंधर्व ऐकवायचो. कुमारजी १९४८ मध्ये क्षयाच्या आजारपणात हवापालटासाठी देवासला आले आणि तिथलेच झाले. आम्ही टेकडीखालून सायकलवर जाताना त्यांच्या घरातून तंबोरा ऐकलेला. धारवाला म्हणे, ‘आले कुठून? बेळगावकडून. तुमचा स्वतःचा माणूस सांग.’ मी गवई रजब अली खाँसाहेबांचं नाव घेई. तो विचारी, ‘किती टक्के होते त्यांना?’

भांडण मात्र भोजावरून झालं नाही, पंख्यावरून झालं. खिडकी त्याच्या बाजूला, बटणं माझ्या बाजूला. त्याला वारा फुकट मिळे, म्हणून पंखा नको. मला वारा मिळेना, म्हणून पंखा पाचवर. रात्री दोनला तो उठून एकवर करी, अडीचला मी उठून पाचवर. तिसऱ्या आठवड्यात त्याने फळ्याचा खडू आणून फरशीवर मधोमध रेघ मारली. अलीकडे देवास, पलीकडे धार. दार माझ्या हद्दीत आलं. त्याला संडासला जायचं तर परराज्यातून जावं लागे, आणि मला बाहेरच्या दोरीवर कपडे वाळत घालायचे तर खिडकी त्याची. पहिले दोन दिवस आम्ही एकमेकांना विचारून ये-जा केली. तिसऱ्या दिवशी त्याने कपडे आत घ्यायला नकार दिला आणि पाऊस आला. त्या दिवशी मी दाराला आतून कडी लावली.

शेवटी मनावर मध्ये पडला. मनावरला विधिज्ञ व्हायचं होतं, म्हणून तो रसायनशास्त्र शिकत होता. वडिलांची तशी इच्छा होती. त्याने वहीच्या पानावर कलमं लिहिली. पंखा तीनवर. रात्री दिवा कोणाच्या परीक्षेच्या आदल्या दिवशीच बारानंतर. कपडे, पाऊस असेल तर, हद्द न बघता आत घ्यायचे. पाणी तापवायचा रॉड दोघांचा, पण वॉर्डनने पकडला तर ज्याच्या बादलीत असेल त्याचा. वॉर्डनकडे जी काही तक्रार न्यायची ती मनावरच नेणार. आम्ही सह्या केल्या. पंधरा-पंधरा तोफांची दोन संस्थानं एका दिवाणाखाली आली, आणि मला १८१८ चा तह पहिल्यांदा नीट समजला.

आता या हुशार मुलांच्या अभ्यासाविषयी. तो मी कधी पाहिला नाही. कोणीच पाहिला नाही. गुणवंतांच्या होस्टेलात अभ्यास ही लपून करायची गोष्ट असते. ‘काय झालं रे तुझं?’ विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘अरे, पुस्तकच उघडलं नाही.’ रात्री दहाला सगळे मिळून सराफ्यात जायला निघायचे. सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात, गराडू, भुट्ट्याचा कीस, जिलबी, रात्री एक-दीडपर्यंत गर्दी. वाटेत एकेकाला कामं आठवत. कुक्षीचं पोट दुखे. सोनकच्छला पत्र लिहायचं असे. सराफ्यात पोचेपर्यंत आम्ही तिघं उरायचो, आणि परत आल्यावर पहावं तर सगळ्यांच्या खिडक्यांना आतून चादरी. चादरीआड उजेड. धारवाला तर पांघरुणात टॉर्च घेऊन वाचायचा आणि मी कुशीवर वळलो की घोरायचा. पान उलटल्याचा आवाज आणि घोरणं एकाच तोंडातून येतं, हे मी तिथे पाहिलं.

पहिल्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा एवढ्या पहिल्या नंबरांतून पहिला एकच आला. तो खोली क्रमांक एकमधला नव्हता, आमच्याही नव्हता. जास्वंदीच्या झाडासमोरचा होता, बागलीकडचा. त्याने वर्षभर उघड्या दाराने, सगळ्यांसमोर अभ्यास केला होता आणि आम्ही त्याला बावळट समजत होतो. कुक्षीने त्या दिवशी डोक्यावरून पांघरूण घेतलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा नंबर दोन आकडी आला होता. घरी काय कळवायचं? मनावरने पत्राचा मसुदा करून दिला, ‘विद्यापीठात पहिल्या पंधरांत आलो.’ घरी पेढे वाटले म्हणे.

खरी गुणवत्ता यादी ठेवायचे ते महाराज. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्याला महाराज म्हणतात, आणि ज्या गावाने दोन-दोन महाराज पाहिलेत त्या गावचा मी, तरी एवढा खराखुरा अधिकार मी कोणत्याच महाराजांचा पाहिला नाही. कोणी किती पोळ्या खाल्ल्या हे त्यांच्या डोक्यात पक्कं असे. रविवारी दाल-बाफले. कणकेचे गोळे आधी उकडायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे. जो चार बाफले सरळ खाई त्याच्याकडे महाराज कौतुकाने बघत आणि म्हणत, ‘ये लड़का आगे जाएगा.’ बागलीवाला पहिला आला ते महाराजांना आधीच माहीत होतं.

बाफल्यांनी देवासच्या मराठी पोराचं भागत नसे हे खरं. आई दर शनिवारी देवास-इंदूर बसच्या कंडक्टरकडे डबा देई. थालीपिठं, शेंगांची चटणी, संक्रांतीला गुळपोळ्या. कंडक्टर एक गुळपोळी रस्त्यात खाई, ती वाहतुकीची. डब्यावर पत्ता लिहिलेला नसे. तो फक्त ‘देवासवाला मराठा’ असं ओरडे. होस्टेलात माझं हिंदी मराठी वळणाचं म्हणून हसत. पुढे नोकरीच्या मुलाखतीला पुण्याला गेलो, सदाशिव पेठेत एका दूरच्या नातेवाइकांकडे उतरलो, तर तिथल्या काकू कौतुकाने म्हणाल्या, ‘मराठी छान बोलता हो तुम्ही!’ आमच्या घरात अडीचशे वर्षं मराठी बोलतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचा आनंद कशाला घालवा? माळव्यातल्या मराठी माणसाने पुण्यात अर्धा मार्क मिळाला तरी तो घ्यावा आणि निघावं.

होस्टेलांचं वेड हे तसं आपल्याकडचंच. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकामागून एक वसतिगृहं उभी केली. खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचं तर आधी डोक्यावर छप्पर लागतं, हे त्यांना कळलं होतं. या शाहूंची लेक राधाबाई, म्हणजे अक्कासाहेब, १९०८ मध्ये देवासच्या थोरल्या पातीत, त्याच तुकोजीरावांना दिली. हिंदुस्थानातल्या सगळ्यात मोठ्या होस्टेलवाल्याची मुलगी, आणि सासर डबल सीटर. नाही जमलं. पुढे त्यांचा मुलगा विक्रमसिंह १९४७ मध्ये दत्तक म्हणून कोल्हापूरच्या गादीवर गेला. दोन खाटांच्या खोलीतून सुटून सिंगल रूम मिळवणारा एवढा एकच देवासकर माझ्या माहितीत आहे. वर्षभरात दोन्ही देवास संस्थानं मध्य भारतात विलीन झाली आणि फरशीवरची खडूची रेघ पुसली गेली.

शाहूंचं ते काम मध्य प्रदेशात आज सरकार करतं. आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या मुलांसाठी छात्रावासं आहेत, आणि त्यातली काही ‘उत्कृष्ट छात्रावास’, जिल्ह्याच्या आणि ब्लॉकच्या ठिकाणी, गुणांवर प्रवेश देणारी. धार जिल्हा म्हणजे भिल्ल-भिलाल्यांचा मुलूख. गंधवानी, डही, बाग या भागांतली पोरं-पोरी त्यात येतात. गेल्या हिवाळ्यात एका कामासाठी अशा एका छात्रावासात जाणं झालं. जेवणं आटोपली होती आणि पोरं नळावर आपापली ताटं घासत होती. एकजण ताट घासता घासता दुसऱ्याला आवर्तसारणी म्हणून घेत होता. हायड्रोजन, हेलियम, लिथियम, आणि मध्येच ‘राख जरा जास्त टाक.’ मी विचारलं, पहिला कोण येतो तुमच्यात? दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. माझ्या आख्ख्या मजल्यावर दोन वर्षांत हे एकदाही घडलं नव्हतं. आम्ही फक्त पंख्याच्या बाबतीत एकमेकांकडे बोट दाखवायचो.

परवा भाचीचा व्हिडिओ कॉल आला. तिची रूममेट टेक्सासची, तीही अर्थात शाळेतली पहिली. विद्यापीठाने दोघींना पहिल्याच आठवड्यात एक छापील फॉर्म दिला. झोपायची वेळ काय, एसी किती अंशांवर, पाहुणे आणायचे तर आधी विचारायचं का, फ्रिजमधलं कोणाचं काय. तिने सगळी कलमं वाचून दाखवली.

“मामा, हे सगळं लिहून द्यावं लागतं. किती विचित्र ना?”

“सह्या कोणाच्या?”

“आमच्या दोघींच्या. आणि आर. ए.ची.”

“ती कोण?”

“आमच्या मजल्यावरची सीनियर. काही भांडण झालं तर तीच बघते.”

“म्हणजे दिवाण,” मी म्हटलं. तिला कळलं नाही. ताई मागून ओरडली, ‘मामाचं ऐकू नकोस, अभ्यास कर.’ भाची म्हणाली, ‘अगं आई, पुस्तकच उघडलं नाहीये अजून.’ रक्त कुठे जातं?

तेव्हा ज्यांची मुलं यंदा गुणवत्ता यादीत आली असतील आणि इंदूर, पुणे किंवा थेट ॲरिझोनाच्या हुशार होस्टेलात निघाली असतील, त्यांना हात जोडून सांगणं आहे. पेढ्याचं कात्रण घरीच ठेवा, तिथे सगळ्यांकडे आहे. ट्रंकेत एक खडू घाला. खोली शक्यतो यादीच्या शेवटची मागा. आणि रूममेट कुठल्या गावचा हवा असा रकाना फॉर्मात असला, तर बिनधास्त देवास लिहा. आमच्या गावाला एका खोलीत दोघांनी राहायचा दोनशे वीस वर्षांचा सराव आहे. धारचा मात्र मागू नका. तो खिडकी घेईल.